कृपया शांत बसू नये

आमच्या ईसीजीच्या खोलीबाहेर एक पाटी आहे. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, चार कोपऱ्यांत चार स्क्रू. ‘ईसीजीपूर्वी कृपया दहा मिनिटे शांत बसावे.’ ही पाटी काढावी म्हणून मी अर्ज केले, भांडले, एकदा घरून पेचकसही पर्समध्ये घालून आणला. पाटी अजून तिथेच आहे.

संपादकांनी मला सांगितलं होतं की नोकरीतल्या गमतीजमती लिहा. असे लेख बहुतेक निवृत्त माणसं लिहितात. माझ्या निवृत्तीला एवढा अवकाश आहे की तोवर पाटी गंजून आपोआप पडेल. पण तेवढं थांबायचा माझा स्वभाव नाही. गमती येतीलच, लेख मात्र पाटीबद्दल आहे.

मी नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात हृदयविभागात टेक्निशियन आहे. वाढले इथल्याच नंदनवन वस्तीत. घराणं विणकरांचं. बाबांच्या हातून माग सुटला आणि पत्रकं आली. विणकरांच्या मागण्यांचं पत्रक असो, बुवाबाजीविरुद्धचं असो की नळाला पाणी येत नाही याचं, मजकूर बाबांचाच. घरात गठ्ठे असायचे आणि पाहुणे आले की त्या गठ्ठ्यांवरच बसायचे. मी अक्षरं त्या कागदांवर शिकले. त्यामुळे मला उद्गारचिन्ह आधी कळलं आणि पूर्णविराम पुष्कळ नंतर.

आता थोडं कामाबद्दल. हृदयाला लोक पंप समजतात, ते बरोबरच आहे. पण पंप म्हटला की नळ आले आणि वीजही आली. नळ तुंबले की हार्ट अटॅक. हा आजार सगळ्यांना माहीत असतो, इतका की कुठल्याही पेशंटला भेटायला आलेला कुठलाही नातेवाईक पहिला प्रश्न विचारतो, “ब्लॉकेज किती टक्के?” आमचं खातं विजेचं. हृदयाच्या वरच्या कोपऱ्यात एक ठिणगी पडते, ती ठरलेल्या वाटेनं खाली उतरते आणि एक ठोका होतो. वाट चुकली, जास्तीची वाट निघाली, ठिणगी उशिरा पडली की ठोक्यांची लय बिघडते. नळ अगदी स्वच्छ असतात. मग नातेवाईक म्हणतात, “ब्लॉकेज नाही ना? मग काही नाही.” या ‘मग काही नाही’वर मी एक स्वतंत्र लेख लिहू शकेन, पण संपादकांनी शब्दमर्यादा घातली आहे.

विजेच्या आजाराची खोड अशी की तो येतो आणि जातो. घरातला दिवा मिचमिच करतो म्हणून वायरमन बोलवावा आणि तो आला की दिव्यानं शहाण्यासारखं जळावं, तसं. ईसीजीची पट्टी म्हणजे त्या काही सेकंदांचा फोटो. झटका चालू असतानाच फोटो निघाला तर चोर सापडतो. नाहीतर पट्टी नॉर्मल आणि पेशंट खोटा.

त्यासाठी होल्टर नावाची डबी असते. ती छातीवर लावून माणसाला घरी पाठवायचं, दुसऱ्या दिवशी परत घ्यायची. एका गृहस्थांच्या डबीत संध्याकाळपासून एक सरळ रेघ होती. वैद्यकशास्त्राप्रमाणे ते मेलेले होते आणि माझ्यासमोर बसून पान चघळत होते. विचारलं तर म्हणाले, “साळ्याचं लग्न होतं मॅडम, नवीन शर्टातून वायरी दिसत होत्या. म्हणून रातभर खुंटीले टांगली. पण डबी बंद नाय केली, शपथ.”

गांधीबागेतले एक ठोक कापडवालेही आमचे जुने गिऱ्हाईक. मुलानं त्यांना नाडी मोजणारं घड्याळ दिलं आणि आमचा छळ सुरू झाला. दर थोड्या दिवसांनी येत आणि मनगट माझ्या तोंडासमोर धरत. “मॅडम, घडी बोलती गडबड है, आपकी मशीन बोलती नॉर्मल. किसको मानूँ?” मी म्हणायची, मशीनला. एक दिवस ते घड्याळ ओरडत असतानाच दुकानातून उठून थेट आले आणि पट्टीवर खरंच गडबड निघाली. हृदयाचे वरचे कप्पे ठोके द्यायचे सोडून नुसते थरथरत होते. यात आत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याचा धोका असतो, म्हणून त्यांना रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. शेठजी मात्र आनंदानं फुलले. “मैं बोला था ना!” त्यांनी सगळ्या विभागाला पेढे वाटले. आजार निघाला म्हणून पेढे मी पहिल्यांदा खाल्ले.

तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर कळलं की तो आजाराचा आनंद नव्हता, आपण खोटं बोलत नव्हतो याचा होता. शेठजींकडे निदान घड्याळ तरी होतं. कुंदाताईंकडे फक्त एक शब्द होता.

कुंदाताई मूळच्या उमरेडच्या, विणकराच्याच घरातल्या, नवऱ्याबरोबर कळमेश्वरला राहणाऱ्या. तिथल्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगच्या मशीनवर काम. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा ओपीडीत डॉ. अनिकेत होता. हुशार मुलगा, नुकताच सांगलीकडून आलेला, मन लावून काम करणारा. मी मागे मशीनला कागद भरत होते, म्हणून हे संभाषण शब्दशः ऐकलं.

“काय होतंय, ताई?”

“जीव घाबरते डॉक्टरसाहेब.”

“कशाला घाबरतो?”

“कशाले नाय. असंच घाबरते.”

“काही टेन्शन? घरी काही भांडण?”

“नाय जी. काम करून राहिली तरी घाबरते, जेवून राहिली तरी घाबरते.”

“म्हणजे कारण नसताना भीती वाटते.”

“भीती?” कुंदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “भीती कोण म्हटलं? मी काहून भिऊ?”

नवरा, रमेशभाऊ, खुर्चीच्या मागे उभा होता. तो म्हणाला, “साहेब, लहानपणापासूनच घाबरट हाय ते. तिच्या मायनं सांगतलंच नाय आमाले.”

आमच्याकडे ‘जीव घाबरते’ म्हणजे भीती वाटते असं नाही. छातीत धडधडतं, कासावीस होतं, गळ्यापर्यंत काहीतरी येतं, हे सगळं त्या एका शब्दात असतं. हिंदीतली घबराहट आमच्या मराठीत येऊन राहिली आणि इकडचीच झाली. सांगलीत घाबरायला वाघ लागतो, कुत्रा लागतो, निदान सासू लागते. नागपुरात नुसता जीव पुरतो. हे अनिकेतला कोण सांगणार? मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला होता. कुंदाताईंची पट्टी नॉर्मल होती, त्यांना मनोविकार विभागाकडे पाठवलं गेलं आणि एक गोळी सुरू झाली.

हे वाचून कोणी असा अर्थ काढू नये की मनाचा आजार म्हणजे कमी दर्जाचा आजार. तोही खराच असतो आणि त्यालाही औषध लागतं. पण तो ज्याला आहे त्याला म्हणा. विजेच्या बिघाडावर झोपेची गोळी देऊ नका.

त्या गोळीनं कुंदाताईंना मशीनवर डुलकी यायला लागली. आधीच झटका आला की त्या मशीन सोडून खाली बसायच्या, आता या पेंगा. सुपरवायझरनं स्पष्ट सांगितलं, तुला नेमकं काय झालं आहे ते डॉक्टरकडून ठरवून घेऊन ये, नाहीतर या महिन्यानंतर येऊ नको. मशीनमध्ये हात गेला तर निस्तरायचं कोणी? घरी रमेशभाऊंचा बेत तयारच होता, काही दिवस हिला उमरेडला नेऊन सोडायचं. ‘काही दिवस’ म्हणजे किती हे कोणी बोलत नव्हतं. कुंदाताईंना मात्र ते कळत होतं.

दुसऱ्या वेळी त्या एकट्या आल्या, थेट माझ्याकडे. म्हणाल्या, “मॅडम, तुमीच सांगा, असं होते का भीतीनं? बटन दाबल्यावानी सुरू होते. नरड्यापाशी बेडूक उड्या मारते. मंग बटन दाबल्यावानीच बंद. आन् बंद झालं का बाथरूमले पळा लागते, एकदा नाय, तीनदा.”

मी जागच्या जागी उभी राहिले. आमच्या रिदमच्या मोठ्या डॉक्टरांना आम्ही नुसतं ‘सर’ म्हणतो. सर विद्यार्थ्यांना नेमक्या याच तीन गोष्टी विचारायला सांगतात, एकदम सुरू, एकदम बंद, गळ्याशी फडफड. नंतरची लघवी ही चौथी. मी त्यांना हाताला धरून सरांकडे नेलं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बहुतेक जास्तीची वाट आहे. ठिणगी तिथे गोल गोल फिरत असणार. पण पट्टीवर दिसल्याशिवाय मी काही करणार नाही. ताई, धडधड चालू असताना या.”

होल्टर लावून पाहिलं. हृदय दिवसभर पाहुण्याकडे आल्यासारखं शहाणं वागलं.

आणि मग कुंदाताई खरंच धडधड चालू असताना आल्या. कळमेश्वरहून बसमध्ये, उभ्यानं, उन्हात. तेव्हा मी आत एका पेशंटला चिकटपट्ट्या लावत होते. बाहेर बाकाजवळ होते गुलाबमामा.

गुलाबमामा आमचे जुने शिपाई. त्यांच्याइतका दयाळू माणूस त्या इमारतीत नाही आणि त्यांच्याइतकं माझं नुकसान कोणी केलेलं नाही. पाटी त्यांच्या बाकाच्या बरोब्बर वर आहे. घामाघूम झालेली बाई दिसली की मामा तिला पाटीखाली बसवतात, पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवतात आणि माठातलं गार पाणी देतात. “दम घे वं माय. शांत झाली का मंग काढून देईन तुही पट्टी.”

गंमत अशी की हे उत्तम औषध आहे. गार पाण्याचा मोठा घोट घशातून उतरताना एका नसेला धक्का बसतो आणि हा विशिष्ट झटका कधीकधी तिथेच थांबतो. मामांनी कुंदाताईंना बरं केलं. पट्टी पुन्हा नॉर्मल. त्या पट्टीकडे पाहून कुंदाताई रडल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, “आता तर मलेच वाटते का मी खोटी हाय.”

पुढच्या वेळी पाणी न पिता थेट माझं दार वाजवा, असं मी त्यांना सांगितलं. त्या दिवशी मी पाटीविरुद्ध अर्ज लिहिला. प्रशासन अधिकाऱ्यांनी बोलावून घेतलं.

“मॅडम, धावपळ करून आलेल्या माणसाची पट्टी थरथरते, वाईट निघते. म्हणून ती पाटी आहे. गुणवत्ता तपासणीत तिचे गुण मिळतात आपल्याला.”

“सर, पण ज्यांचा आजारच धडधडीचा आहे, त्यांना शांत करून आपण काय तपासतो?”

“पाटीमुळे कोणाचं निदान चुकलं याचा पुरावा द्या.”

“अहो, पुरावा त्या पाटीखालीच नाहीसा होतो!”

“मग पुरावा नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला. माझ्यासाठीही. इथे सगळे फार प्रेमळ आहेत.

मग मी रक्तात होतं ते केलं. पत्रक काढलं. ‘धडधड चालू असताना शांत बसू नका! पाणी पिऊ नका! थेट ईसीजीच्या खोलीत या!’ सरांना दाखवलं. त्यांनी सगळी उद्गारचिन्हं खोडली आणि खाली दोन ओळी घातल्या की छातीत दुखत असेल, चक्कर किंवा दम असेल तर ईसीजीची वाट न पाहता थेट आपत्कालीन विभागात जावे. त्या ओळी आवश्यकच होत्या. उद्गारचिन्हांबद्दल माझं मत अजून वेगळं आहे. झेरॉक्स काढून मी वाटल्या. दोन दिवसांनी कॅन्टीनमध्ये तर्री-पोह्याच्या प्लेटखाली माझं पत्रक होतं, तेलानं पारदर्शक झालेलं. बाबांना फोन करून सांगितलं तर ते खूश झाले. “म्हणजे पोचलं,” म्हणाले.

महिना संपत आला होता. एका सकाळी बाहेर आवाज चढलेले ऐकू आले. आधी मामांचा.

“बस वं बाई, पाणी पे.”

“पाणी नको मामा. पाण्यानं थांबते ते.”

“थांबन तर बरंच हाय ना!”

“मले थांबवाचं नाय!”

बाकावरचे लोक उखडले. “ओ ताई, आमी का येडे हाओत का सकाळपासून बसाले?” रमेशभाऊही सोबत होते, त्या दिवशी तिला तिथूनच उमरेडच्या गाडीत बसवायचं ठरवून आलेले. ते दबक्या आवाजात म्हणत होते, “बस ना वं थोडी. लोकं पाहून राहिले.”

“पाहू द्या,” कुंदाताई म्हणाल्या आणि माझं दार तळहातानं बडवलं.

मी दार उघडलं. चेहरा पांढराफटक, मानेवरची शीर फडफडत होती, आणि डोळ्यांत मी कधी पाहिला नव्हता असा विजय. आत येऊन पलंगावर आडव्या पडल्या आणि म्हणाल्या, “लवकर काढा मॅडम. अजून चालू हाय.”

चिकटपट्ट्या भराभर लावल्या. बटण दाबलं. कागद सरसर बाहेर यायला लागला आणि मी पाहतच राहिले. मिनिटाला दोनशेच्या आसपासचा वेग, एकाला एक चिकटून उंच उभे ठोके, मधे श्वास घ्यायला जागा नाही. बाबांच्या पत्रकातली सगळी उद्गारचिन्हं कोणी एका ओळीत मांडावी तसं. मी आयुष्यात इतका सुंदर मजकूर वाचलेला नाही.

सर आले, मागोमाग अनिकेत. सरांनी पट्टी पाहिली आणि अनिकेतच्या हातात दिली. अनिकेतनं ती पाहिली, मग कुंदाताईंकडे पाहिलं.

“ताई, आत्ता कसं वाटतंय?”

“सांगतलं होतं ना तुमाले. जीव घाबरून राहिला.”

“भीती वाटते का?”

“भीती नाय वाटत,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “आज तर बिलकुल नाय.”

त्यानं ते लिहून घेतलं. तेव्हापासून तो पेशंटला आधी विचारतो, घाबरते म्हणजे भीती की धडधड? त्याच्या जागी मी असते तर मीही सांगलीत असाच घोळ घातला असता. पण इथे तो पुन्हा घालणार नाही, एवढी खबरदारी मी घेतली आहे.

आधी त्यांना रिकाम्या सिरिंजमध्ये जोरात फुंकायला लावलं, मग आडवं करून पाय वर धरले. या युक्तीनं पुष्कळांचं थांबतं. त्यांचं थांबलं नाही. मग इंजेक्शन. ते शिरेत भर्रकन द्यावं लागतं आणि त्यानं हृदयातली वाट काही क्षण बंद होते, म्हणून गोल फिरणारी ठिणगी विझते. त्या क्षणांत मॉनिटरवर रेघ सरळ जाते. आम्हाला ते ठाऊक असतं, तरी दर वेळी आम्ही श्वास धरतो. रमेशभाऊंना कोणी सांगितलंच नव्हतं. ते दारात उभे राहून मॉनिटर पाहत होते.

सरळ रेघ. मग एक ठोका. मग दुसरा. मग शांतपणे, रांगेनं, सगळे.

“बंद झालं,” कुंदाताई म्हणाल्या. “बटन.”

मागे धप्प आवाज झाला. रमेशभाऊ भिंतीला धरून खाली बसले होते. घामानं शर्ट ओला. मामांनी धावत जाऊन त्यांना पाटीखालच्या बाकावर नेलं आणि माठातलं पाणी दिलं.

“काय होऊन राहिलं भाऊ?”

“काय नाय,” रमेशभाऊ म्हणाले. “जरासा जीव घाबरला.”

आतून पलंगावरून आवाज आला. “मॅडम, त्यायची पट्टी काढा. मंग मनाच्या डॉक्टरकडं पाठवा.”

काढली. नॉर्मल होती.

पुढचं सरळ झालं. त्याच दिवशी सुपरवायझरला सरांनी स्वतः फोनवर समजावलं. थोड्या दिवसांनी जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयात नेऊन सरांनी ती जास्तीची वाट शोधली आणि उष्णतेनं जाळून टाकली. कुंदाताई त्याच मशीनवर परत गेल्या आणि उमरेडला दिवाळीला गेल्या, नवऱ्याला घेऊन. जाण्याआधी पट्टीची एक प्रत मागून घेतली. कशाला, विचारलं, तर म्हणाल्या, “घरी कोणी घाबरट म्हटलं का दाखवाले.”

मी ती पट्टी पुरावा म्हणून प्रशासन अधिकाऱ्यांकडे नेली. ते म्हणाले, “छान! म्हणजे पाटी असूनही निदान झालं.” नंतर गुणवत्ता तपासणी झाली आणि पाटीला पूर्ण गुण मिळाले.

पण कुंदाताईंनी कारखान्याच्या बसमध्ये काय सांगितलं देव जाणे. कळमेश्वरच्या बाया येऊन माझं दार बडवायला लागल्या. पत्रकानं झालं नाही ते एका बाईच्या तोंडानं झालं. बहुतेकींना काही नसतं. कोणाला पित्त, कोणाला रक्त कमी, एकीला तर शेजारणीची सोबत करायची होती. रांग विस्कटते, लोक माझ्यावर ओरडतात, मी सगळ्यांवर ओरडते आणि दर वेळी दार उघडते.

परवा पेशंटच्या छातीवर चिकटपट्टी लावत असताना बाहेरून मामांचा आवाज आला. कोणीतरी नवीन बाई धापा टाकत पाटीखाली बसली असावी. माठाचं झाकण उघडल्याचा आवाज झाला, मग थांबला.

“बाई, चालू हाय का थांबलं?”

“चालू हाय जी.”

माठाचं झाकण परत बसलं.

“मंग बसली काहून? ऊठ. वाजव दार.”